पानकोळी, पाणकोळी की पाणनिवळी?

प्रश्न खानदेशातल्या शिरपूरकडून आला आहे. साचलेल्या पाण्यावर सरसर पळणाऱ्या किड्याचं नाव मुलानं वहीत 'पानकोळी' लिहिलं आणि शाळेत 'न' खोडून 'ण' केला गेला. 'आमच्याकडे सगळे पानीच म्हणतात, मग चुकलं काय?' असं पालक विचारतात.

बोलण्यात काहीच चुकलं नाही. अहिराणीत ण चा न होतो: पाणी 'पानी', लोणी 'लोनी'. अहिराणी लिहिताना 'पानी'च लिहावं. प्रमाण मराठीत मात्र पान वेगळं, पाणी वेगळं. पानकोबी, पानगळ ही पानाची. पाणकोंबडी, पाणकणीस ही पाण्याची. समासात पाणी आखडून 'पाण' होतं, जसा घोडदळात घोडा 'घोड' होतो. पाणवठा, पाणथळ, पाणलोट हे असेच मुरलेले शब्द. अलीकडच्या कारभारी शब्दांत पाणी अख्खं राहतं: पाणीपट्टी, पाणीपुरवठा. प्राण्याच्या नावाला 'पाण' हेच रूप शोभतं.

खरी अडचण 'कोळी'त आहे, आणि ती लाल शाईतूनही निसटली. पाणकोळी हे नाव पेलिकन पक्ष्याला रूढ आहे. त्यातला कोळी जाळं विणणारा नव्हे, मासे धरणारा. शिवाय हा किडा मुळात कोळीच नाही, ढेकणाच्या नात्यातला आहे.

पांझरा नदीवरच्या एखाद्या फड बंधाऱ्यामागे (शेतीला पाणी वळवणारा बंधारा), उथळ संथ पाण्यात, उन्हाच्या वेळी पाहा. किड्याआधी तळावरची त्याची सावली नजरेत भरते. पाय टेकतो तिथे पाणी फाटत नाही, नुसती खळी पडते, आणि प्रत्येक खळीची गोल काळी टिकली तळाला उमटते. मोठ्या टिकल्या चार, म्हणून पायही चारच वाटतात. पुढची आखूड जोडी भक्ष्य धरायला तोंडाजवळ असते. मधली जोडी वल्ही मारते, मागची दिशा सांभाळते. म्हणजे पाय सहा, वर मिशा. कोळ्याला पाय आठ आणि मिशा नाहीत. पायांवरच्या बारीक लवेत हवा अडकते म्हणून ते भिजत नाहीत. पाण्यात साबण मिसळला की पृष्ठताण उतरतो आणि तेच पाय आत जातात.

या किड्याला मराठीत चांगला शब्द आहे: पाणनिवळी. स्त्रीलिंगी, अनेकवचन पाणनिवळ्या. नुसतं 'निवळी' म्हटलं तर गढूळ पाणी निवळावं म्हणून भांड्याच्या आतल्या अंगाला घासतात ते बी आठवतं, तेव्हा 'पाण' गाळू नये.

त्याच पाण्यावर काळे चकचकीत दाणे झुंडीनं गरगर फिरताना दिसले तर त्या पाणनिवळ्या नव्हेत. ते भुंगेरे. त्यांचा प्रत्येक डोळा दुभागलेला असतो: वरचा भाग पाण्याबाहेर पाहतो, खालचा पाण्यात.