पणजीतल्या फोंतेन्यश या जुन्या वस्तीतल्या घरांना ‘पोर्तुगीज घर’ म्हणणं कितपत बरोबर?

अर्धंच बरोबर. माझं आजोळ पणजीतच, मळा नावाच्या भागात, फोंतेन्यशला अगदी लागून. त्यामुळे हे थोडं घरचंच बोलणं आहे.

पोर्तुगीज आहे तो तोंडवळा. आमच्याकडचं जुनं हिंदू घर आत वळलेलं असतं: मध्ये राजांगण, त्यात तुळस, भोवती वसरी (ओसरी) आणि रस्त्याकडे जवळजवळ पाठच. फोंतेन्यशचं घर रस्त्याकडे बघतं. भिंत थेट गल्लीला टेकलेली, माणसाच्या उंचीच्या खिडक्या, वर लोखंडी कठड्याचा सज्जा. गावातल्या घरांसारखा ऐसपैस बाल्कांव, म्हणजे दारापुढचा बसायचा ओटा, इथे शोधू नका, तेवढी जागाच नाही. १८व्या शतकाच्या अखेरीस मोझांबिकहून परतलेल्या अंतोनियु जुआंव द सिकेरा यांच्या माडांच्या जागेत ही वस्ती सुरू झाली. मोझांबिकचे म्हणून लोक त्यांना ‘मोस्मीकार’ म्हणत. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली आणि वस्ती दाटली.

अंग मात्र इथलंच. भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, चुना शिंपल्या भाजून केलेला. जुन्या खिडक्यांना काच नाही; चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे चौकोनी तुकडे लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवलेले. भर दुपारी खोलीत पातळ ताकासारखा उजेड पसरतो. एवढ्यासाठी तरी एखाद्या घरात आत जाऊन या. आणि डोक्यावरची कौलं? ती मंगळूरची. तिथे कौलांचा पहिला कारखाना १८६० च्या दशकात बाझेल मिशनने काढला. म्हणजे पोर्तुगीज घराला टोपी घातली ती जर्मन भाषक मिशनऱ्यांनी!

रंगांचे फोटो सगळेच काढतात. पांढरा चर्चला, घरांना पिवळा, निळा, तांबडा, ही पोर्तुगीज काळातली रीत. पाऊस सरला की चुन्यात रंग कालवून नवा हात द्यायचा. आमच्या मामाने एकदा दरवर्षीची कटकट नको म्हणून प्लास्टिक पेंट मारला. चिरा पाणी पितो, चुना ते बाहेर सोडतो. पेंटने वाटच बंद केली. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीला फोड आले, आणि सगळं खरवडून पुन्हा चुन्यावर यावं लागलं.

इथली इतकी घरं कुलूपबंद का, असंही कोणी विचारेल. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतला वारसाहक्क चालत आला. मुलगा-मुलगी समान वाटेकरी, आणि विकायचं तर जावयाची नि सुनेचीही सही लागते. दोन पिढ्यांत वाटेकरी कोण मुंबईत, कोण लिस्बनला. आजोळच्या घराचे आज सतरा वाटेकरी आहेत. किल्ली धाकट्या मामाकडे. कौलं शाकारायची वेळ आली की फोन मात्र कोणी उचलत नाही.