रॉकर पॅनल कापण्याआधी दाराची फट मोज

गाडीच्या दाराखालचा पत्रा, म्हणजे रॉकर पॅनल, गंजून पापुद्र्यांसारखा सुटायला लागला की हात शिवशिवतात, पण ग्राइंडर लगेच उचलू नकोस. मोनोकॉक (वेगळी चासी नसलेल्या) गाडीत रॉकर पॅनल ही शोभेची पट्टी नसते, बॉडीचा भार ती पेलते. माझ्या पहिल्या गाडीला मी टेकू न देताच कापलं. मधला भाग बसला आणि दार मागच्या खांबाला घासू लागलं. ती फट मला पुन्हा जुळवता आली नाही, आजही वाईट वाटतं.

म्हणून आधी दाराच्या पुढच्या आणि मागच्या खांबांमध्ये आतून चौकोनी पाइप वेल्ड कर, पण दार बंद होईल अशा बेताने. एका वेळी एकच बाजू घे. नवं पॅनल क्लॅम्पने धरून दार लावून बघ, फट सगळीकडे सारखी आली तरच वेल्डिंग.

बाहेरचा पत्रा काढल्यावर आतली सिल (रॉकरचा आतला पत्रा) स्क्रूड्रायव्हरने टोचत जा. टोक आत घुसलं तर तोही पत्रा बदलायचा. कुजक्या पत्र्यावर नवा चढवलास तर सगळी मेहनत पाण्यात.

पत्रा साधारण १ मिमीचा, त्यामुळे मिग वेल्डरला (हा तार वितळवून जोडतो) ०.६ मिमीची तार बरी. सलग ओढू नकोस, टाके लांब लांब घाल, नाहीतर पत्रा वाकतो. बॅटरी सोडव, गालिचा काढ, पेट्रोलची नळी कुठून जाते ते बघ, अग्निशामक हाताशी ठेव.

शेवटी आतल्या पोकळीत मेण फवार, पण खालची पाण्याची भोकं मोकळी ठेव. गंज बहुतेकदा ती बुजल्यामुळेच लागलेला असतो.