अंगठा कोणाच्या रजिस्टरवर दिला?

भांडुपच्या एका वाचकाचं पत्र थोडक्यात असं: वडील 67 वर्षांचे. उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही, डाव्याने थोडंफार येतं. सार्वजनिक रुग्णालयात 'बेरा' (कानाच्या नसेची) तपासणीसाठी सात महिन्यांनंतरची तारीख मिळाली. तोवर दिव्यांग प्रमाणपत्र नाही आणि त्याशिवाय मोफत श्रवणयंत्र नाही. रुग्णालयाला ग्राहक आयोगात खेचता येईल का? ता. क. 'सप्टेंबर 2024 मध्ये निवडणुकीच्या तोंडावर एका माजी नगरसेवकांच्या शिबिरात मशीन मिळालं होतं. ते शिट्ट्या मारतं, म्हणून कपाटात पडून आहे.'

अशी पत्रं बरीच येतात आणि खरी गोम दर वेळी ताज्या कलमातच असते.

वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत मोफत यंत्र मिळतं ते दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या 'एडिप' योजनेतून. तिची एक अट आहे: त्याच कारणासाठी गेल्या तीन वर्षांत मदत घेतलेली नसावी. (बारा वर्षांखालच्या मुलांना एकच वर्ष.) दिलेलं यंत्र चालतं की नाही, हे ती अट विचारत नाही. म्हणजे तपासणीची तारीख उद्याची मिळाली तरी सप्टेंबर 2027 पर्यंत अर्ज अडू शकतो. तुम्ही सात महिन्यांवर चिडला आहात. शिबिरात फुकट मिळतंय म्हणून कान न तपासता यंत्र घेतलं, तेव्हा तीन वर्षं गेली, त्याचं काय?

तेव्हा आधी एवढंच शोधा: वडिलांनी अंगठा किंवा सही कोणाच्या रजिस्टरवर केली? आधार क्रमांक घेतला होता का? सरकारी योजनेचं यंत्र असेल तर नोंद सापडणारच. पक्षाच्या खर्चाने वाटलेलं असेल तर वाद घालायला थोडी जागा आहे, पण त्याची हमी मी देणार नाही. 'पूर्वी मदत घेतलेली नाही' असं मात्र लिहून देऊ नका. खोटं घोषणापत्र पुढच्या अर्जांनाही नडतं.

दुसरं दार राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेचं. 65 वर्षांवरील आणि दोन लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना उपकरणासाठी 3,000 रुपये खात्यात मिळतात. तीन वर्षांची अट तिथेही आहे, पण ती सरकारी स्रोतापुरती, शिवाय सदोष किंवा निकामी उपकरण बदलून घ्यायला अपवाद ठेवलेला आहे. म्हणून ते मशीन फेकू नका. अनुक्रमांकाचा फोटो काढा, 'वापरण्याजोगं नाही' असं ऑडिओलॉजिस्टकडून तारखेसह लिहून घ्या आणि उपनगर जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात सध्या अर्ज घेतात का, ते विचारा. तीन हजारांत चांगलं डिजिटल यंत्र येणार नाही, हे मलाही कळतं.

ग्राहक आयोगाचं विसरा. सर्वांना मोफत मिळणारी रुग्णालयाची सेवा ग्राहक कायद्याखाली येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच सांगितलं आहे. केसपेपरच्या किरकोळ पैशांनी त्यात फरक पडत नाही. आणि आयोगातली पहिली तारीख तुमच्या 'बेरा'च्या आधी लागेल, अशी आशा कशाच्या जोरावर धरता?

प्रमाणपत्राच्या मागे मात्र आजच लागा, 2027 ची वाट बघत बसू नका. दिव्यांग प्रमाणपत्रासाठीच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज केल्याचा पत्रात उल्लेख नाही, म्हणजे केलेला नसावा. ओपीडीच्या कागदावर खरडलेली तारीख म्हणजे अर्ज नव्हे. पोर्टलवर अर्ज पडला की प्रमाणपत्र देण्याची मुदत सुरू होते. ती पूर्वी एक महिना होती, ऑक्टोबर 2024 च्या दुरुस्तीने तीन महिने झाली. ती उलटली तर पोचपावती जोडून पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. दोन वर्षं निर्णयच झाला नाही तर अर्ज निष्क्रिय धरला जातो, त्यामुळे 'टाकलाय ना' म्हणून गप्प बसणं परवडत नाही.

दिव्यांगत्वाच्या टक्केवारीचं आत्ताच सांगता येत नाही. चांगल्या कानाच्या श्रवणदोषाची टक्केवारी पाचपट धरून त्यात वाईट कानाची मिळवतात आणि सहाने भागतात. एक कान पूर्ण गेला आणि दुसरा ठणठणीत असला तरी जेमतेम 17 भरतात, 'एडिप'ला 40 लागतात. वडिलांच्या डाव्या कानाचं 'थोडंफार' किती, यावर सगळं आहे. टक्केवारी मान्य नसेल तर अपिलाला 90 दिवस मिळतात.

वडिलांचं उत्पन्न तुम्ही लिहिलेलं नाही. 'एडिप'मध्ये महिना 22,500 पर्यंत पूर्ण मोफत, 30,000 पर्यंत निम्मी किंमत. त्याहून जास्त असेल, तर हे पत्र पाठवण्याआधी तेवढं तरी बघायचं होतं.