वाचकांचे प्रश्न : मोठ्या क्लबच्या दुसऱ्या संघाचे नेमके काम काय?

प्रश्न : बार्सिलोनाचा दुसरा संघ, म्हणजे 'बार्सा अ‍ॅटलेटिक', मे 2025 मध्ये स्पेनच्या तिसऱ्या श्रेणीतून चौथ्या श्रेणीत घसरला, आणि त्याच महिन्यात त्यांचा पहिला संघ ला लीगाचा, म्हणजे पहिल्या श्रेणीचा, विजेता ठरला. 2011 मध्ये हाच दुसरा संघ दुसऱ्या श्रेणीत तिसऱ्या क्रमांकावर होता. मग तरुण खेळाडू घडवण्याचे काम तिथे पूर्वीसारखे होत नाही, असे समजावे काय? आणि 2011 मध्ये त्यांना पहिल्या श्रेणीत बढती का मिळाली नाही?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपला दुसरा प्रश्न सोपा असल्यामुळे त्याचे उत्तर आधी देतो. स्पेनमध्ये मोठ्या क्लबचा दुसरा संघ इतर क्लबांच्या पहिल्या संघांबरोबर त्याच लीगमध्ये खेळतो. जिंकला तर वर जातो, हरला तर खाली येतो. मात्र आपला मुख्य संघ ज्या श्रेणीत आहे त्या श्रेणीत त्याला प्रवेश नाही. म्हणून 2010-11च्या हंगामात प्रशिक्षक लुइस एन्रिके यांच्या या दुसऱ्या संघाने तिसरा क्रमांक मिळवला, तरी बढतीच्या सामन्यांत खेळण्याचा हक्क त्याला नव्हता.

आता मुख्य प्रश्न. आपण दुसऱ्या संघाचे मूल्यमापन गुणतक्त्यावरून करत आहात, आणि माझ्या मते घोटाळा तिथेच आहे. आपण म्हणता त्या 2011च्या संघाचेच उदाहरण पाहा. त्या हंगामात दुसऱ्या श्रेणीत सर्वाधिक गोल करणारा खेळाडू याच संघाचा होता. जोनाथन सोरियानो याने 32 गोल केले. पण त्या वेळी त्याचे वय पंचवीस होते, बार्सिलोनाच्या पहिल्या संघात तो कधी स्थिरावला नाही, आणि 2012 मध्ये ऑस्ट्रियातील साल्झबर्गला गेला. त्याच्या जोडीला आघाडीवर खेळणारा नोलितो 2011 मध्ये पोर्तुगालच्या बेनफिकाला गेला आणि पुढे स्पेनच्या राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचला, पण बार्सिलोनाच्या वाटेने नाही. तिसरा क्रमांक मिळवून देण्यात या दोघांचा मोठा वाटा होता. पहिल्या संघाच्या दृष्टीने मात्र त्याच संघातले, पुढे वर जाऊन तिथे खेळलेले थियागो आणि सर्जी रोबेर्तो हे अधिक मोलाचे होते.

याच्या अगदी उलट चित्र 2007-08 मध्ये दिसते. बार्सिलोनाचा दुसरा संघ तेव्हाही चौथ्याच श्रेणीत होता, आणि प्रशिक्षक म्हणून कोणताही अनुभव नसलेल्या पेप ग्वार्दिओला यांच्याकडे तो सोपवण्यात आला होता. कृत्रिम गवताची लहान मैदाने, तिशी ओलांडलेले धिप्पाड बचावपटू आणि हातच्या अंतरावर उभे राहून ओरडणारे प्रेक्षक, अशा त्या श्रेणीत सर्जिओ बुस्केट्स आणि पेद्रो हे दोघे वर्षभर खेळले. संघाने बढती मिळवली, ग्वार्दिओला पहिल्या संघाचे प्रशिक्षक झाले आणि या दोघांना त्यांनी बरोबर वर नेले. 11 जुलै 2010 रोजी जोहान्सबर्गला विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू झाला तेव्हा स्पेनच्या अकरा जणांत हे दोघेही होते. चौथी श्रेणी ते विश्वविजेतेपद, आणि मध्ये दोनच वर्षे!

त्यामुळे 2025च्या घसरणीकडे पाहताना आधी हे पाहावे लागेल की आदल्या वर्षी त्या संघातून कोण कोण वर गेले. जून 2024 मध्ये हा संघ बढतीच्या शेवटच्या टप्प्यात कोर्दोबाकडून हरला. म्हणजे दुसरी श्रेणी हाताशी आली होती. त्यानंतर पहिल्या संघाचे प्रशिक्षक हान्सी फ्लिक यांनी मार्क कासादो, मार्क बेर्नाल आणि जेरार्ड मार्तिन यांना पहिल्या संघात ओढले; पाउ कुबार्सी त्याच्या आधीच गेला होता. शेतातले पीक कापून नेल्यावर शेत मोकळे दिसणारच. अर्थात घसरणीची झळ बसतच नाही असे माझे म्हणणे नाही. श्रेणी जितकी खाली, तितका तेथील वेग आणि पहिल्या संघाचा वेग यांतला फरक मोठा, आणि ती उडी अठराव्या वर्षी मारणे प्रत्येकाला जमत नाही. लामिन यामालला मात्र या पायरीची जवळजवळ गरजच पडली नाही. एप्रिल 2023 मध्ये बेटिसविरुद्ध तो पहिल्या संघाकडून उतरला तेव्हा सोळा वर्षांचाही नव्हता. पण असा मुलगा एखादाच असतो, आणि त्याच्यावरून व्यवस्था आखता येत नाही.

एक गोष्ट दूरचित्रवाणीवर सामना पाहतानाही आपल्या लक्षात येईल. ला लीगामध्ये 1 ते 25 हे क्रमांक पहिल्या संघाच्या नोंदणीकृत खेळाडूंचे असतात, आणि दुसऱ्या संघातून बोलावलेला मुलगा 26 किंवा त्यापुढचा क्रमांक घालतो. कुबार्सीने नापोलीविरुद्ध चॅम्पियन्स लीगचा सामना गाजवला तेव्हा त्याच्या पाठीवर 33 होता. अशी नोंदणी असलेला तरुण खेळाडू एका आठवड्यात पहिल्या संघाकडून आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या संघाकडून खेळू शकतो. दुसऱ्या संघाचा खरा उपयोग या ये-जा करण्यात आहे.

प्रश्न : दुसऱ्या संघात ठेवण्याऐवजी मुलाला एक-दोन हंगाम दुसऱ्या क्लबला उसना देणे अधिक चांगले नाही का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मुलगा कोणता आणि उसना घेणारा क्लब कोणता, यावर ते अवलंबून आहे. दुसऱ्या संघात खेळण्याची पद्धत, सराव आणि प्रशिक्षकांची भाषा पहिल्या संघासारखीच असते. पण तिथे एक उबही असते, कारण सगळे समवयस्क, सगळे एकाच वाटेवरचे. उसनवारीवर गेलेल्या मुलाला अशा ड्रेसिंगरूममध्ये बसावे लागते जिथे शेजारच्या खेळाडूचे घर त्याच पगारावर चालते आणि हरलेल्या सामन्याची किंमत रोख मोजावी लागते. फेर्मिन लोपेझला बार्सिलोनाने 2022-23 मध्ये आंदालुसियातील लिनारेसला दिले. लिनारेस आणि बार्सिलोनाचा दुसरा संघ त्या वर्षी एकाच श्रेणीत, तिसऱ्या श्रेणीत, खेळत होते, म्हणजे पातळी वाढली नव्हती, परिस्थिती बदलली होती. परतल्यावर तो सरळ पहिल्या संघात गेला आणि 2024 मध्ये ऑलिम्पिक सुवर्णपदक विजेत्या संघात होता.

रेआल माद्रिदने तिसरा मार्ग वापरला आहे : विकायचे, पण परत विकत घेण्याचा हक्क करारात लिहून ठेवायचा. दानी कार्वाहाल दुसऱ्या संघातून, म्हणजे कास्तियामधून, 2012 मध्ये जर्मनीच्या बायर लेव्हरकुसेनला गेला आणि एका हंगामानंतर याच अटीने परत आला. त्यानंतर त्याने सहा चॅम्पियन्स लीग विजेतेपदे पाहिली. इंग्लंडमध्ये दुसऱ्या संघांना मुख्य लीगच्या श्रेणींत जागाच नाही. त्यांचे 21 वर्षांखालील संघ एकमेकांशीच खेळतात आणि 2016 पासून खालच्या श्रेणींतील क्लबांच्या एका करंडक स्पर्धेत त्यांना प्रवेश मिळाला आहे. त्यामुळे तिथे उसनवारी ही आवड नसून गरज आहे.

प्रश्न : दुसरा संघ आणि पहिला संघ समोरासमोर आले तर?
— एक वाचक, अमरावती

उत्तर : आले आहेत, आणि तेही अंतिम सामन्यात. 1980च्या स्पॅनिश राजकरंडकात कास्तियाने अॅथलेटिक बिल्बाओ आणि रेआल सोसिएदाद यांच्यासह पहिल्या श्रेणीतील चार क्लबांना बाहेर काढले आणि अंतिम फेरीत स्वतःच्याच थोरल्या भावाकडून, रेआल माद्रिदकडून, 6-1 असा मार खाल्ला. रेआलने लीगही जिंकली असल्यामुळे ते लीगविजेत्यांच्या युरोपीय स्पर्धेत गेले, म्हणून कास्तियाला युरोपीय करंडकविजेत्यांच्या स्पर्धेत जागा मिळाली, आणि तिथे इंग्लंडच्या वेस्ट हॅमने त्यांना हरवले. 1990-91 पासून दुसऱ्या संघांना या करंडकात खेळता येत नाही. नियम समंजस आहे, हे मान्य. तरी मला त्याचे थोडे वाईट वाटते.

प्रश्न : आपला सुनील छेत्री 2012 मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबमध्ये गेला, पण दुसऱ्या संघातच राहिला. त्याला पुरेशी संधी दिली गेली नाही, असे आपणांस वाटते का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : छेत्रीविषयीचा आपला जिव्हाळा मी समजू शकतो, पण इथे मुख्य अडचण वयाची होती. तो लिस्बनला गेला तेव्हा अठ्ठावीस पूर्ण व्हायला आला होता. दुसरा संघ हा एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांना वर ढकलण्यासाठी असतो. तिथे अठ्ठावीस वर्षांच्या आघाडीवीराला दिलेले प्रत्येक मिनिट एखाद्या मुलाच्या वाट्यातून जाते, आणि प्रशिक्षक हा हिशेब मांडतोच. छेत्रीला तिथे मोजकेच सामने मिळाले. 2013च्या सुरुवातीला तो लोनवर आपल्याच गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडे आला आणि त्या हंगामाची आय-लीग चर्चिलने जिंकली, हे मडगावकरांना मी सांगायला नको. हाच करार त्याच्या विसाव्या वर्षी झाला असता तर गोष्ट निराळी घडू शकली असती.

प्रश्न : माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे आणि उत्तम खेळतो. युरोपातील एखाद्या मोठ्या क्लबच्या व्यवस्थेत त्याला आताच दाखल करता येईल का? एका मध्यस्थाने तशी खात्री दिली आहे.
— एक पालक, ठाणे

उत्तर : त्या मध्यस्थाला पैसे देऊ नयेत. फिफाच्या नियमांनुसार अठरा वर्षांखालील खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशातील क्लबमध्ये नोंदणी होत नाही. याला थोडे अपवाद आहेत, उदाहरणार्थ आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणासाठी त्या देशात राहायला गेले असतील तर. सोळा ते अठरा या वयासाठीची सवलत युरोपीय संघाच्या आतील बदल्यांपुरती आहे. हा नियम किती गांभीर्याने घेतला जातो हे पाहायचे असेल तर बार्सिलोनाकडेच पाहावे : अल्पवयीन परदेशी मुलांच्या नोंदणीवरून 2014 मध्ये फिफाने त्यांच्यावर दोन खिडक्यांची, म्हणजे बदल्यांच्या दोन कालावधींची, खेळाडूखरेदीबंदी घातली आणि ती त्यांना भोगावी लागली. परदेशी क्लबच्या नावाने शुल्क घेऊन चालणारे वर्ग शिकवण्यासाठी चांगले असू शकतात, पण ते त्या क्लबच्या दुसऱ्या संघाचे दार नव्हे.

आपल्या मुलासाठी जवळची वाट इथली आहे. इंडियन सुपर लीगमधील क्लबांचे युवा आणि राखीव संघ आहेत, आणि 2022 मध्ये गोव्यात सुरू झालेली विकास लीग (रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग) मुख्यतः 21 वर्षांखालील मुलांसाठी आहे. ('राखीव' या शब्दाने बिचकू नये, बाकावर बसलेला राखीव खेळाडू वेगळा आणि राखीव संघातून दर आठवड्याला नव्वद मिनिटे खेळणारा मुलगा वेगळा.) क्लबच्या निवड चाचणीला जाल तेव्हा सुविधांची चौकशी नंतर करा. आधी हे विचारा की गेल्या तीन वर्षांत त्यांच्या युवा संघातले किती जण पहिल्या संघाकडून मैदानात उतरले, आणि जे उतरले नाहीत ते आज कुठे खेळतात.