लाइन विकण्याआधी

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

बाबांच्या गुडघ्यांनी दगा दिला, केबल टीव्हीची लाइन तुझ्या गळ्यात पडली, आता चालवू की विकून टाकू, असं विचारलंस. वर्षभर तरी विकू नकोस.

हा धंदा आमच्या हातात आला तो अपघातानेच. व्हीसीआरच्या जमान्यात परळ-लालबागच्या चाळींत एका खोलीत मशीन असायचं आणि गॅलरीच्या कठड्यावरून घराघरांत वायर गेलेली असायची. रात्री सिनेमा, महिन्याला वर्गणी. मग 1991 उजाडलं. आखाती युद्ध लोकांनी थेट पाहिलं, त्याच वर्षी एशियासॅट-1 वरून स्टार टीव्ही सुरू झाला, आणि 2 ऑक्टोबर 1992 ला झी. आमची वायर आधीच पडलेली. गच्चीवर डिश ठोकली की काम झालं. त्यासाठीचा कायदा पक्का झाला 1995 मध्ये, आणि नोंदणी कुठे करायची, तर मुख्य पोस्टात! उपग्रह 36,000 किलोमीटरवर आणि आम्ही तिकिटांच्या खिडकीशेजारी रांगेत.

त्या दिवसांत आमचा तोरा काय वर्णावा. जुन्या सेटवर बटणं मोजकी, त्यामुळे कुठलं चॅनेल पुढे आणि कुठलं मागे मुंग्यांत ढकलायचं, हे कंट्रोल रूममध्ये ठरायचं. 15 ऑगस्ट 1999 ला अल्फा मराठी, म्हणजे आजचं झी मराठी, आलं, तेव्हा ते पुढच्या नंबरावर घ्या म्हणून चाळीतल्या बायकांनी माझा जीव नकोसा केला होता. दूरदर्शनच्या सह्याद्री चॅनेलपलीकडे आपल्या भाषेत रोज काहीतरी बघायला मिळतंय, याचं त्यांना किती अप्रूप होतं ते मला तेव्हा कळलंच नाही. मी आपला नंबर द्यायचे भाव खात बसलो.

आता जे सांगतो ते बाबांना विचारू नकोस, ओशाळतील. आम्ही सगळे घरं कमी दाखवायचो. चारशे पॉइंट, म्हणजे जोडण्या, असल्या तर वर नेटवर्कवाल्यांना कळवायचे दीडशे. पैसे सुटायचे हे खरं. पण सरकार, चॅनेलवाले, मोठे नेटवर्कवाले असे तिघेही आमच्यावर चिडून होते आणि तिघांनाही एकच हवं होतं, मोजणी. 31 ऑक्टोबर 2012 च्या मध्यरात्री मुंबईत ॲनालॉग बंद झालं, घरोघरी सेट-टॉप बॉक्स लागला, प्रत्येक बॉक्सला नंबर. आमचं झाकलेलं माणिक उघडं पडलं. आमचे बरेच जण अजून म्हणतात की कंपन्यांनी आपल्याला गिळलं. मला विचारशील तर खोटा आकडा सांगून निम्मं ताट आम्हीच त्यांच्या पुढे सरकवलं.

1 फेब्रुवारी 2019 पासून ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, नवे दर आले: 100 चॅनेलला 130 रुपये, वर जीएसटी धरून 153 रुपये 40 पैसे. करारात वेगळं ठरलेलं नसेल तर त्या 130 मधले 45 टक्के आपले, म्हणजे 58 रुपये 50 पैसे. हे आकडे नंतर बदलले, तुझ्या करारात आज काय आहे ते स्वतः वाच. बाबांनी तो न वाचताच सही केली असणार. मीही तेच केलं होतं.

म्हणजे नुसत्या चॅनेलवर घर चालणार नाही. तरुण पोरं मोबाइलवर बघतात, आणि ज्याला महिन्याचे पैसे द्यायचे नाहीत तो दूरदर्शनची फुकटातली फ्री डिश लावतो. मग तुझ्याकडे उरतं काय? खांबापासून उंबरठ्यापर्यंतची वायर आणि दार उघडणारी माणसं. त्याच वाटेने फायबर ओढ, इंटरनेट दे. आणि पावसाळ्यात घरावर छोटी डिश लावणाऱ्या छत्रीवाल्यांची चित्रं गोठतात, तेव्हा आपला टीव्ही चालू असतो, हे गिऱ्हाइकाला सांगायला लाजू नकोस. आपल्या कंट्रोल रूमच्या मोठ्या डिशवर येणाऱ्या सी बँडच्या लहरी पावसाला तितक्या दबत नाहीत.

वसुलीला मात्र निदान सहा महिने स्वतः जा. पोरं पाठवून पैसे येतात, बातमी येत नाही. कोणाचा मुलगा नोकरीला लागला, कोणाची खोली भाड्याने गेली, कोण शेजारच्या कंपनीचं इंटरनेट घ्यायच्या बेतात आहे, हे दारात उभं राहिल्यावरच कळतं. म्हातारी चहा विचारेल, पी. एखादी आजी रिमोट हातात देऊन म्हणेल, माझी मालिका लावून दे. तो कॉल मोफत समज.

आणि लाइन ओळखायला शीक. पूर्वी जॉइंटमध्ये पाणी शिरलं की पडद्यावर मुंग्या यायच्या, बिघाड आधी सांगून यायचा. डिजिटलचं तसं नाही. शेवटपर्यंत चित्र आरशासारखं, मग चौकोन, मग काळोख. म्हणून सिग्नल मोजायचं मीटर लावल्याशिवाय कुठल्याही लाइनवर विश्वास ठेवायचा नाही. समुद्राची हवा आहे, कनेक्टर वर्षभरात गंजतात. पावसाच्या आत सगळी गच्ची तपासायची.

माझं मीटर कपाटात पडून आहे, बॅटरी तेवढी नवी घालायला हवी. रविवारी आठच्या आत ये, नंतर पत्रे तापतात. आणि चपला घालून येऊ नकोस, बूट घाल.

तुझा,
काका