फळमाशीच्या अळीत इन्सुलिनसारखे संप्रेरक जनुकांपर्यंत कसे पोहोचते?

हे संप्रेरक थेट डीएनएला चिकटून जनुके चालू किंवा बंद करते का, असे आपण विचारले आहे. तसे होत नाही. ही गल्लत बहुधा एक्डायसोनमुळे होते, कारण कात टाकण्याशी संबंधित असलेल्या त्या स्टेरॉइड संप्रेरकाचा ग्राही (म्हणजे संप्रेरक ओळखून पकडणारे प्रथिन) स्वतःच डीएनएला जोडला जातो; इन्सुलिनची रीत मात्र वेगळी आहे.

अळीच्या मेंदूत दोन्ही बाजूंना मिळून सुमारे 14 चेतापेशी इन्सुलिनसारखी पेप्टाइडे (लहान प्रथिने, म्हणजेच हे संप्रेरक) तयार करून रक्तद्रवात सोडतात. ती पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला जोडली गेली, की आतील प्रथिनांची साखळी जागी होते आणि तिच्यातील एकेटी नावाचे विकर फॉक्सओ या प्रथिनाला फॉस्फेट जोडते, ज्यामुळे फॉक्सओ केंद्रकाबाहेर अडकून राहते. अळी उपाशी राहिली, की संप्रेरकाचा स्राव घटतो, फॉस्फेट उतरते आणि फॉक्सओ केंद्रकात शिरून जनुके चालू करते. म्हणजे संप्रेरकाची अनुपस्थिती हाही पेशीसाठी एक स्पष्ट आदेशच असतो.

अशा वेळी चालू होणाऱ्या जनुकांपैकी 4ई-बीपी या जनुकाचे प्रथिन प्रथिननिर्मितीला लगाम घालते, म्हणून वाढ मंदावते. मला त्याहून विलक्षण वाटते ते दुसरे उदाहरण: फॉक्सओ इन्सुलिन ग्राहीचे जनुकही चालू करते. उपाशी पेशी ग्राहींची संख्या वाढवून ठेवते, आणि अन्न परत मिळताच थोड्याशा संप्रेरकालाही ती चटकन प्रतिसाद देऊ शकते.

आपण स्वतः प्रयोग करणार असाल, तर एक सावधगिरी आवर्जून सांगतो. ही पेप्टाइडे क्रमांकाने ओळखली जातात. उपासमारीत त्यांपैकी तिसऱ्या आणि पाचव्या क्रमांकाच्या पेप्टाइडांचा संदेशवाहक आरएनए (प्रथिन बनवण्यासाठी जनुकावरून तयार होणारी प्रत) घटतो, पण दुसऱ्या क्रमांकाच्या पेप्टाइडाचा फारसा घटत नाही. ते पेप्टाइड तयार होऊनही बाहेर न पडता मेंदूतील त्या पेशींतच साठत जाते. त्यामुळे केवळ त्याचा आरएनए मोजून ‘संप्रेरकात बदल नाही’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. मेदपिंडाच्या (अळीच्या चरबी साठवणाऱ्या ऊतीच्या) पेशींत फॉक्सओ केंद्रकात आहे की बाहेर, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे आणि त्याच ऊतीतील 4ई-बीपीचा आरएनए मोजावा. या दोन्ही नोंदी जुळल्या, तरच संप्रेरकाच्या परिणामाविषयी विश्वासाने बोलता येते.