शिवाराचा भाव कोण ठरवतो?

प्रश्न : बेळगावात येळ्ळूर रस्त्यालगत आमचे दोन एकर भाताचे शिवार आहे. बासमतीचे उत्पन्न जेमतेम तेवढेच राहिले, जमिनीचा भाव मात्र चढतोच आहे. शेजारच्या रानात प्लॉट पाडून दगड रोवले, पण घर एकही उठलेले नाही. घरे नसताना भाव कसा वाढतो?
— एक शेतकरी वाचक, वडगाव

उत्तर : भाताचा भाव आणि भाताच्या जमिनीचा भाव हे दोन वेगळ्या बाजारांत ठरतात. पिकाकडे पाहून जमीन घेणारा एकराचा हिशेब करतो. ती उद्या बिगरशेती होईल अशी नुसती चिन्हे दिसली, की त्याच एकराचे ४३,५६० चौरस फूट होतात. बाजारापासूनचे अंतर आणि वाहतुकीचा खर्च यांवर जमिनीचा उपयोग ठरतो, हे फॉन थ्यूनेन या जर्मन अर्थतज्ज्ञाने १८२६ मध्येच मांडले होते. आपल्याकडे हे अंतर महामार्गापासून आणि उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीपासून मोजले जाते.

उद्यमबागेतल्या फौंड्र्यांना काम असले, की पगार वेळेवर होतात, घरकर्जाचे हप्ते झेपतात आणि अनगोळ-मजगावच्या बाजूला घरे उठतात. काम मंदावले, की बांधकाम थांबते. प्लॉट मात्र स्वस्त होत नाही, कारण तो घेणाऱ्याने बहुधा राहण्यासाठी घेतलेलाच नसतो, सोन्यासारखा ठेवलेला असतो. त्यात २०२० साली कर्नाटक भूसुधारणा कायद्यातील ७९अ आणि ७९ब ही कलमे रद्द झाली आणि बिगरशेतकऱ्यालाही शेतजमीन घेता येऊ लागली, म्हणजे आपल्या शिवारासाठी गिऱ्हाईक वाढले. अशा गवत माजलेल्या प्लॉटांना शहराची वाढ म्हणणे मला पटत नाही. शहापूर-खासबागेत विणकरांचे माग थांबल्यावर घराच्या पुढच्या सोप्यात दुकान निघाले, तिथे निदान जागा वापरात तरी राहिली.

आपल्या प्रश्नात नसलेली, पण आपल्याला लवकरच भिडेल अशी एक गोष्ट सांगतो. शेजारचे रान मुरूम टाकून उंच केले, की पावसाचे पाणी बांधाबांधाने बळ्ळारी नाल्याकडे जाण्याऐवजी आपल्या भातात तुंबते. पीक कुजते, आणि ज्याला विकायचे नव्हते तोही दलालाला फोन करतो. तेव्हा शेजारच्या रानात भराव पडण्यापूर्वीच पाण्याच्या वाटेबद्दल लेखी हरकत नोंदवून ठेवावी.